डब्यातली तिकिटं आणि धोंडचा शिक्का

शिरूर (घोडनदी),
३ ऑगस्ट

चि. मंदार यास,


पत्र मिळालं. दौंडच्या घरात सापडलेल्या पत्र्याच्या डब्यातल्या तिकिटांचे किती येतील, असा तुझा सरळ प्रश्न आहे. सरळ उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायची, वर्षवार लावायची आणि मग एखाद्या व्यापाऱ्याला दाखवायची, असा तुझा बेत दिसतो. त्यातलं भिजवण्याचं काम कृपा करून करू नकोस. जुन्या तिकिटाच्या वयाला कोणी पैसे मोजत नाही. त्याच्याबद्दल जे सिद्ध करता येतं, त्याला मोजतात. आणि तुझ्या डब्यात सिद्ध करण्याजोगं जे आहे ते तिकिटांपेक्षा पाकिटांवर जास्त आहे. हे मला का वाटतं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पटलं नाही तर भांडता येईल.

आधी वयाची गोष्ट. जगातलं पहिलं टपाल तिकीट, इंग्लंडचं काळं पेनी, ६ मे १८४० पासून चालू झालं. त्याच्या ६ कोटी ८० लाखांवर प्रती छापल्या गेल्या, लोकांनी त्या जपल्याही पुष्कळ, म्हणून आजही ते बाजारात सहज मिळतं. आता आपल्याकडचं गांधीजींचं तिकीट घे. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली. स्वित्झर्लंडमध्ये छापून आणलेली. दीड आण्याचं घरोघर पोचलं आणि आज त्याला कोणी विचारत नाही. दहा रुपये ही तेव्हा मोठी रक्कम, त्यामुळे ते तिकीट घेणारे थोडे. त्यातही 'सर्व्हिस' अशी अक्षरं वर छापलेल्या मोजक्या प्रती गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापरासाठी होत्या. त्यांतल्या चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ साली इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. काळ्या पेनीपेक्षा हे तिकीट १०८ वर्षांनी लहान! किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, याच दोन गोष्टींवर दर ठरतो. तुझ्या डब्यात बहुधा पाव आण्याची पोस्टकार्डं असतील (ती १ जुलै १८७९ पासून सुरू झाली) आणि राजाच्या मुंडक्याची अर्ध्या-एक आण्याची तिकिटं. ती अमाप छापली गेली. सुटी करून विकलीस तर एकेकाला चहाचे पैसेही मिळायचे नाहीत. एक आण्याची काही तिकिटं पावत्यांवरही दिसतील, कारण १९०६ पासून काही तिकिटं टपाल आणि महसूल अशा दोन्ही कामांना चालत. ज्यावर सावकाराची सही आडवी गेली आहे ते टपालाने कुठेही गेलेलं नाही. तो ढीग वेगळा कर. कोर्ट फी स्टँप आणि स्टँपपेपर त्याहून वेगळे. त्यांचे संग्राहक निराळे आहेत.

मग पाकिटाला एवढं महत्त्व का? सगळ्या देशासाठी एकच दर १ ऑक्टोबर १८५४ पासून लागू झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. त्या वेळची तिकिटं कलकत्त्याला शिळाछापावर छापली आणि त्यांना दाते नव्हते. पोस्टातला बाबू किंवा गिऱ्हाईक कात्रीने ती कापून घेई. चारी बाजूंना समास राहिलेलं तिकीट महाग, एका बाजूने चित्रात घुसलेलं स्वस्त. चार आण्याच्या दुरंगी तिकिटाची चौकट अष्टकोनी होती, म्हणून हौशी लोकांनी ते नेमकं अष्टकोनात कापून ठेवलं आणि त्याची बरीचशी किंमत कात्रीबरोबर गेली. त्याच तिकिटाच्या काही प्रतींत राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. तशा प्रती जगभरात काही डझनच उरल्या असतील. पुढे मुंबई इलाख्यात निरनिराळ्या पोस्टांना क्रमांक मिळाले आणि तिकीट रद्द करताना तो क्रमांक त्यावर उमटू लागला. कोणता क्रमांक कोणत्या गावाचा हे आज कळतं ते मुख्यतः अखंड पाकिटांवरून, कारण त्यांवर क्रमांकाजवळच गावाच्या नावाचा आणि तारखेचा शिक्काही असतो. मुंबईच्या जाल कूपर यांनी या जुन्या शिक्क्यांवर पुस्तकं लिहिली. तिकीट पाकिटापासून सोडवलं की क्रमांकाचा अर्धा तुकडा हातात राहतो आणि पुरावा वाळत घातलेल्या कागदाबरोबर फेकला जातो.

आता तू म्हणशील, शिरूर-दौंडचा शिक्का कोणाला हवाय? आक्षेप रास्त आहे आणि मी तो अर्धा मान्यही करतो. या गावांच्या शिक्क्यांसाठी लिलावात कोणी हमरीतुमरीवर येणार नाही. पण या दोन गावांचं टपाल साधं नव्हतं. शिरूरला घोडनदीकाठी कंपनी सरकारची छावणी होती. १८१७ च्या शेवटच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. पुणे हॉर्स या घोडदळाचं ठाणंही पुढे इथेच होतं. छावणी म्हटली की टपाल आलंच. दौंडची कथा रेल्वेची. १८५८ साली पुण्याला गाडी आली, पुढच्या दोन वर्षांत रूळ सोलापूरला पोचले आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झालं. गाडीच्या डब्यात टपाल निवडणाऱ्यांचे शिक्के वेगळे असत आणि त्यांचा पाठलाग करणारे संग्राहक आजही आहेत. शिवाय इंग्रज रोमन लिपीत शिरूरचं 'सिरूर' आणि दौंडचं 'धोंड' लिहीत. एखाद्या पाकिटावर 'धोंड' स्पष्ट वाचता आलं आणि गाडीने गेल्याची तारीख जुळली, तर त्यावरचं सामान्य तिकीटही सामान्य राहत नाही. अजून मौज म्हणजे एकाच जिल्ह्यात असून शिरूरचा पिनकोड ४१२ ने सुरू होतो आणि दौंडचा ४१३ ने. पहिले तीन आकडे टपालनिवडीचा विभाग सांगतात. जिल्हा नकाशावर एक असला तरी टपालाने दोन्ही गावं वेगळ्या कप्प्यांत टाकली आहेत.

जिल्ह्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो: भोर संस्थानाने १८७९ साली स्वतःची तिकिटं काढली होती. डब्यात तसलं काही निघालं तर हात आवर. संस्थानी तिकिटांच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत आणि सुट्या तिकिटावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. तेच तिकीट संस्थानी शिक्क्यासह पत्रावर असेल तर त्याच्या बाजूने निदान एक साक्षीदार उभा राहतो.

दुसरा आक्षेप कॅटलॉगचा. स्टॅन्ले गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये अमुक तिकिटाला अमुक पौंड लिहिलेत, मग व्यापारी दहावा भागही का देत नाही? कारण तो आकडा दुकानदाराच्या विक्रीचा असतो आणि उत्तम प्रतीचा असतो. तू विकायला निघालास की बाजू बदलते. त्याला भाडं, पगार, वर्षानुवर्षं न खपलेला माल आणि नफा यातूनच काढायचा आहे. त्यात तिकिटाला तांबूस डाग असतील, मागचा गोंद ओला होऊन चिकटला असेल, एखादा दात तुटला असेल, तर त्या आकड्याशी तुझ्या तिकिटाचा संबंधच उरत नाही. फसवणूक झाली असं लगेच समजू नकोस. फसवणूक असते ती वेगळी. मालाची किंमत सांगणारा आणि तोच माल विकत घेणारा एकच माणूस असला की तिला वाट मिळते. म्हणून ज्याला दाखवशील त्याला विकू नकोस. पाहणीचे पैसे मागितले तर दे.

तिसरा आक्षेप तुझ्या बायकोचा असावा असा माझा अंदाज: आत्ता विकायचंच कशाला, राहू दे, भाव चढेल. हा विचार सोन्यावरून आला आहे आणि तिकिटाला लागू पडत नाही. सोनं वितळवलं तरी सोनंच. तिकीट मात्र दुसऱ्या कोणाला हवं असेपर्यंतच मौल्यवान. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच आहे. १८७३ साली एका शाळकरी मुलाने ते सहा शिलिंगांना विकून टाकलं. २०१४ मध्ये त्याचे सुमारे ९५ लाख डॉलर आले आणि २०२१ मध्ये तेच तिकीट सुमारे ८३ लाखांना गेलं. एकमेव वस्तूचा भावही असा उतरतो. स्पेनमध्ये तर दोन कंपन्यांनी तिकिटांवर ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून लाखो ठेवीदार गोळा केले होते. २००६ मध्ये पोलिसांचे छापे पडले तेव्हा तिकिटांची कागदावरची किंमत आणि बाजारातली किंमत यांत किती अंतर आहे ते उघड झालं. डबा ठेवायचा तर हौस म्हणून ठेव. त्यातही आपल्याकडचा पावसाळा, कसर आणि सेलोटेप ही तीन संकटं आहेत. सेलोटेप लावलेलं पाकीट दिसलं तर ओढून काढू नकोस.

विकायचंच ठरलं तर प्रत्येक पाकिटाचे पुढून-मागून फोटो काढ. शिक्क्यातलं गाव आणि तारीख वाचता येईल तेवढी वहीत लिही. घरी पत्रांचे गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नकोस, कारण एकाच कुटुंबाला एकाच पत्त्यावर आलेली पत्रं हा स्वतंत्र पुरावा असतो. लिलावात देणार असशील तर राखीव किंमत किती, विकणाऱ्याकडून कमिशन किती आणि माल खपला नाही तर परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घे. एखादं पाकीट खरोखर मोलाचं निघालं तरच जाणकाराच्या प्रमाणपत्रावर खर्च कर. सगळ्या डब्यासाठी तो परवडणारा नाही.

राहिला तो खरा अवघड मुद्दा, जो तू पत्रात टाळलास. पाकीट विकलं की आतली पत्रंही जातात का? पाकिटातून पत्र काढून ठेवता येतं. पोस्टकार्डाचं तसं नाही, पाठीवरचा मजकूर त्याबरोबर जातोच. आणि पाकीट न वापरता कागदच घडी करून पाठवलेली जुनी पत्रं असतील, तर तिथे पत्र हेच पाकीट. घरातली देणी, आजारपणं, कोणाचं लग्न मोडलं ते सगळं त्यात असणार. पत्रं नसतील तर संग्राहक किंमत थोडी कमी देईल, कारण त्याचाही पुरावा तेवढा कमी होतो. म्हणजे माझाच युक्तिवाद इथे माझ्यावर उलटतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आधी सगळी पत्रं वाच, तुझ्या आईलाही वाचून दाखव, आणि जी विकायची नाहीत ती बाजूला काढ. अक्षर मोडीत असेल तर अडून बसू नकोस, वाचून देणारं माणूस मी शोधतो. राखी पौर्णिमेला शिरूरला येशील तेव्हा डबा बरोबर आण, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नकोस. आतल्या आत दमट होतो.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
मामा