उंटावरून शेळ्या

माझ्या मामीला दोन मुलगे आणि तीन शेळ्या. मुलगे पोटामागे पुण्याला आणि सुरतेला गेले, शेळ्या राहिल्या. भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळच्या त्या धानाच्या गावी मामीचा संसार म्हणजे त्या तिघी आणि थोरल्याने मागे ठेवलेला पाच वर्षांचा नातू. तिघींत मैना सर्वांत दुधाळ. नातवाचे दूध तिचे, मामीचा चहा तिचा, आणि दिवाळीचे लुगडेही तिच्याच करडांच्या पैशांतून येई.

तीन वर्षांपूर्वी, दसरा होतो न होतो तोच, मैनेची कास सुजली. दूध पाण्यासारखे, त्यात दह्यासारख्या गुठळ्या. डावी बाजू हाताला गरम आणि कठीण. पुस्तकांत ह्या रोगाला कासदाह म्हणतात; शेतकरी नुसते ‘दगडी’ म्हणतो. त्या कासेला एकदा हात लावून पाहावा, म्हणजे कोणाचा शब्द खरा ते कळते. गुरांच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची पाच दिवसांची इंजेक्शने सांगितली. तिसऱ्याच दिवशी सूज उतरली आणि मामीने मला मुंबईला फोन केला, “बाबू, बरी झाली रे मैना. आता बाकीच्या सुया टोचाच्या का?”

मी बँकेतला कारकून. शेळीशी माझा संबंध फार तर ताटापुरता. पण विचारणाऱ्याला ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याइतके मोठे मन आम्हां शहरवासीयांजवळ कुठले? मी म्हणालो, “कशाला मुक्या जिवाला उगाच टोचतेस? उरलेले ठेव, पुढे उपयोगी पडेल.” स्वतःच्या तापाच्या गोळ्यांचेही मी असेच करीत आलो आहे, आमच्या कपाटात अर्ध्या पाकिटांचा एक दवाखानाच आहे म्हणा ना!

दिवाळीनंतर दगडी परत आली. मामीने माझ्या आज्ञेप्रमाणे जपून ठेवलेले औषध टोचून घेतले. लागू पडेना. तेव्हा डॉक्टरांनी सड स्पिरिटने पुसला, पहिल्या धारा सोडून दिल्या, पुढचे दूध निर्जंतुक बाटलीत धरले आणि बर्फात घालून नागपूरला धाडले. मी कचेरीच्या कामासाठी तिथेच होतो, म्हणून निकाल आणायला पशुवैद्यक महाविद्यालयात मी गेलो.

तिथे मला एक काचेची बशी दाखवली. बशीभर जंतूंची सायीसारखी दाटी आणि तीत औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या. जे औषध चालते त्याच्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. चंद्राला खळे पडावे तसे मोकळे वर्तुळ उमटते. पेनिसिलिनच्या टिकलीला खळेच नव्हते. स्टॅफिलोकॉकस नावाची ती मंडळी तिला खेटून सुखाने नांदत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावून दिले. हे जंतू पेनिसिलिनच मोडून टाकणारे द्रव्य तयार करतात. असले चिवट थोडे आधीपासून असतातच; औषधाने नरम ते मरतात आणि मोकळ्या रानात चिवटांचे पीक येते. शिवाय कासेत पुवाच्या गाठी झाल्या, की औषध आत नीट पोचत नाही. पेनिसिलिन १९२८ साली फ्लेमिंगला सापडले आणि १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच त्याने बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. माझ्या चुकीची सूचना माझ्या जन्माआधीच देऊन ठेवलेली होती!

“तुमच्यामुळेच झालं असं काही सांगता येत नाही हो,” बाई म्हणाल्या. फार सभ्य होत्या.

दुसऱ्या औषधाने मैना वाचली. डावा सड मात्र कायमचा आटला. औषध चालू होते तोवर आणि डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे काही दिवस दूध टाकून द्यावे लागले, कारण उकळल्याने जंतू मरतात, पण दुधात उतरलेले औषध जात नाही. मामी रोज ते खड्ड्यात ओती आणि नातू दारात उभा राहून पाही. मी गेलो तेव्हा तिने मला कोरा चहा दिला. बोलली काही नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

गेल्या भाऊबीजेला गेलो, तो मैना पुन्हा व्यालेली. जुळी करडे. एकाने उजवा सड धरला. दुसरे आटलेल्या बाजूला ढुशा देत राहिले, थांबले, पुन्हा ढुशा देऊ लागले. मामीने बाटलीत दूध भरले, बूच बसवले आणि माझ्या हातात दिली.

“धर. आन् संपेवरी धरजो,” ती म्हणाली.

करडू फार हळू पीत होते. गावात मंडईचे ढोल सुरू झाले होते आणि नातू केव्हाचा माझ्यासाठी खोळंबला होता. मी बाटली धरून बसलो.