रेलणं

मामाच्या पाखऱ्याला मी उभ्या लहानपणात चार-पाच वेळा हात लावला असेल. जत तालुक्यात मामाची कोरडवाहू जमीन, थोडी मेंढरं आणि वस्तीवर कायम एखादं कारवानी कुत्रं. पाखऱ्या त्यातला माझ्या वाट्याला आलेला. लांबोडं तोंड, आत ओढलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. कातडी इतकी पातळ की मागून ऊन आलं की कानांतल्या शिरा दिसत. दिवसभर तो लिंबाखाली पडून असायचा. सुट्टीला गेलेली मी त्याच्या शेजारी जाऊन बसले की तो उठायचा, चार पावलं लांब जाऊन पुन्हा पडायचा. त्यात राग नसायचा. त्याला तेवढं अंतर लागायचं.

"हात लावू नगंस. त्याच्या मनात आलं की ते आपसुक येतंय," मामा म्हणायचा.

आणि कधी कधी ते यायचं. संध्याकाळी मामी भाकरी थापत असताना पाखऱ्या दारात येऊन उभा राहायचा, थंड नाक माझ्या कोपराला एकदाच लावायचा आणि निघून जायचा. मला ते नाक दुसऱ्या दिवसापर्यंत पुरायचं.

त्याचं खरं रूप दिसायचं ते माळावर. लांब, अगदी डोळे बारीक केले तरी मला दिसणार नाही एवढ्या लांब काहीतरी हललं की त्याची मान वर यायची. मग धूळ, आणि धुळीपुढे एक रेघ. "हे डोळ्यानं धरतंय, नाकानं न्हाई," मामा सांगायचा. एकदा सुटला की हाक मारून उपयोग नसे. मामा हाक मारायचाही नाही. धन्यापासून अर्धा कोस लांब, धूळ आणि बाभळींमध्ये काय करायचं ते त्या कुत्र्यानं एकट्यानं ठरवायचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला असं एकट्यानं ठरवायला लावलं, ते जनावर माणसाच्या तोंडाकडे बघत कशाला बसेल? हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मी एवढंच शिकले की मोठं, चांगल्या जातीचं कुत्रं म्हणजे अंतर राखणारं कुत्रं.

मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जपली, वाढवली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यातली कुत्री भेट दिली, हे मामाला वडिलांकडून ऐकून ठाऊक होतं. त्याच्या लेखी तो घरातलाच इतिहास होता. घरात खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पहिला वाटा कुत्र्याचा, मग आमची पानं. २००५ साली डाक खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ, म्हणजे हीच कारवानी जात, होती. ते तिकीट लावून मी मामाला पत्र पाठवलं. ते पाकीट त्यानं देव्हाऱ्याखालच्या फळीवर बरीच वर्षं ठेवलं होतं.

ढग्या आमच्याकडे कोल्हापूरला आला २००९च्या श्रावणात. ग्रेट डेन, सात आठवड्यांचा. या रंगाला डेनवाले निळा म्हणतात; पण तो असतो पावसाळी ढगाचा राखाडी. म्हणून माझ्या मुलीनं ठेवलेलं नाव ढग्या. डेन म्हणजे डेन्मार्कचा, असं मी तिला आत्मविश्वासानं सांगितलं होतं आणि ते चूक होतं. जात जर्मनीतली. तिकडच्या सरदार-राजांनी रानडुकराच्या शिकारीसाठी पोसलेली. अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं दिलेल्या नावातून ते 'डेन' तिला चिकटलं. जर्मन लोक आजही तिला 'डॉयचे डॉगे', म्हणजे जर्मन मॅस्टिफच म्हणतात.

जन्मताना अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू वर्षभरात पन्नाशीला जातं. ती वाढ डोळ्यांदेखत व्हायची. रात्री झोपलेला ढग्या आणि सकाळी उठलेला ढग्या वेगळा वाटायचा. कोल्हापूरच ते, येणारा प्रत्येक जण पैलवानाचा खुराक सांगून जायचा. अंडी चालू करा, म्हशीचं दूध वाढवा, कॅल्शियमची बाटली आणा. नशीब, आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती: याला भराभर वाढवायचं नाही. वजन हाडांच्या पुढे गेलं की पाय वाकतात आणि वरून दिलेलं कॅल्शियम या जातीच्या पिल्लांची हाडं बिघडवतं. म्हणून तो वर्षभर हडकुळाच राहिला आणि मी उपाशी ठेवते असं गल्लीत बोललं गेलं. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे. आम्ही घरभर सतरंज्या आणि गोणपाटं अंथरली. शेपटीचं मात्र काही करता आलं नाही. आनंदानं ती चौकटीवर आपटायची, टोक फुटायचं आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे उडायचे. पट्टी बांधली की तासाभरात तो ती काढून गिळायला बघायचा.

सहाव्या महिन्यापासून त्यानं रेलायला सुरुवात केली. मी ओट्याशी उभी असले की मागून यायचा, कूस माझ्या मांडीला लावायचा आणि हळूहळू सगळा भार सोडून द्यायचा. मी सरकले तर तोही सरकायचा. शेजारचे एक गृहस्थ, आधी दोन मोठी कुत्री पाळलेले, म्हणाले, "ही दादागिरी आहे वहिनी. आज अंगावर रेलतोय, उद्या अंगावर येईल. ढकलून देत चला." माझ्या डोक्यात लिंबाखालचा पाखऱ्या होता. नीट वळणाचं कुत्रं असं गळ्यात पडत नाही, हे मला पटलं. मी ढकलायला लागले. गुडघ्यानं, कोपरानं, "चल हो" म्हणत. तो दोन पावलं मागे व्हायचा, कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायचा आणि थोड्या वेळानं, अधिक सावकाश, पुन्हा येऊन टेकायचा. चार-पाच महिने मी हे केलं. त्या आठ्या मला अजून आठवतात.

आणि तो घाबरट होऊ लागला. नऊ-दहा महिन्यांचं, पन्नास किलोचं जनावर, पण उघडलेली छत्री बघून पलंगाखाली शिरायचं. पलंग उचलला जायचा. एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं तो धप्पकन फरशीवर ठेवला आणि ढग्या कोपऱ्यात दबून खोल आवाजात गुरगुरला. नवऱ्यानं त्याला जोरात दटावलं. तो गप्प झाला, पण अंग थरथरत राहिलं. डॉक्टर नवऱ्यालाच रागावले. ते म्हणाले, "तो म्हणत होता, मला भीती वाटतेय, जवळ येऊ नका. हे सांगणं तुम्ही बंद केलंत तर एक दिवस काही न सांगता चावेल. शरीर बघू नका. वयानं तो अजून पोर आहे. अडीच-तीन वर्षांचा होईपर्यंत पोरच राहणार." मग रेलण्याविषयी मी विचारलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "घाबरल्यावर तो पळून लांब जातो की तुमच्याकडे येतो?"

माझ्याकडेच यायचा. छत्री मिटली की, फटाका वाजून गेला की, तो मला शोधत यायचा आणि टेकायचा. आणि मी त्याला ढकलत होते.

त्यानंतर मी या जातीविषयी मिळेल ते वाचून काढलं. डुकराच्या शिकारीत हे कुत्रं अंगाला अंग भिडवून डुकराला रोखून धरायचं, भालेकरी येईपर्यंत. त्यातली निवडक कुत्री राजपुत्रांच्या शयनगृहात रात्रीच्या राखणीला ठेवत, पलंगाच्या कडेशी. म्हणजे पाखऱ्याच्या पूर्वजांचं काम माणसापासून दूर आणि ढग्याच्या पूर्वजांचं काम माणसाला खेटून. माझ्यापुरता मला हा उलगडा पुरला. मोठं कुत्रं असं काही नसतंच. कुणाला किती अंतरावर राबवलं गेलं, त्यावर त्याचं सगळं वागणं उभं असतं. मी ढग्याला पाखऱ्याचे नियम लावत होते.

यावरून एक सांगते, कारण ते बघून आजही जीव तळमळतो. सेंट बर्नार्ड हा कुत्रा आल्प्सच्या खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, मठातल्या साधूंनी बर्फात राहायला घडवलेला. आमच्याकडे तो मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली जीभ काढून पडलेला मी पाहिला आहे. दारात शोभतो म्हणून आणलेला. ग्रेट डेन गच्चीवर साखळीला बांधलेला पाहिला आहे, दिवसचे दिवस एकटा, आणि मालक सांगत होता की फार तापट निघाला. ज्या जनावराला टेकायला माणूस लागतो त्याला गच्चीवर बांधणं हा छळ आहे. यापेक्षा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

मी ढकलणं सोडलं आणि ढग्या महिन्या-दोन महिन्यांत शांत झाला. बासष्ट किलोंवर वजन स्थिरावलं. अनोळखी माणूस दारात आला तर तो भुंकत नसे. माझ्या आणि त्या माणसाच्या मधे येऊन आडवा उभा राहायचा, कूस माझ्याकडे टेकवलेली, तोंड त्याच्याकडे. मामा एकदा तपासणीसाठी कोल्हापूरला आला तेव्हा हे त्यानं दारातच पाहिलं. मग खुर्चीत बसला, तर ढग्यानं पाठ त्याच्याकडे करून आपलं बूड सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं, पुढचे पाय जमिनीवरच. मामा अवघडून बसून राहिला. "हे कुत्रं न्हवं, रेडकू हाय," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पर डोळा खोटा न्हाई ह्येचा."

चौथ्या वर्षी तो मरता मरता वाचला, आणि तिथेही चूक माझी. मी त्याला रात्री एकदाच भरपूर वाढत असे. भांडं उंच स्टुलावर, कारण उंच कुत्र्याला वाकायला त्रास नको असं सगळे सांगत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासानं २००० सालीच दाखवलं होतं की उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगण्याचा धोका उलट जास्त आढळतो. माझ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. त्या रात्री जेवून तो अंगणात धावला आणि तासाभरानं येरझाऱ्या घालू लागला. ओकायला बघायचा, बाहेर फक्त फेस. कुशीवर बोट मारलं तर डफासारखा आवाज. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वाऱ्यानं फुगून पीळ खातं, रक्त अडतं आणि काही तासांत खेळ संपतो. त्याला गाडीत घालायला चौघं लागली. पहाटे तीनपर्यंत शस्त्रक्रिया चालली. पीळ सोडवून जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाक्यांनी बांधून टाकलं, पुन्हा फिरू नये म्हणून. तेव्हापासून तीन वेळा थोडं थोडं जेवण, भांडं जमिनीवर आणि जेवल्यावर तासभर माझ्याजवळ बसणं. ते बसणं त्याला जेवणाहून आवडायचं.

या जातीला आयुष्य सात ते दहा वर्षं. आकडा मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. २०१६च्या दिवाळीनंतर तो जिना चढताना मधे थांबायला लागला, मग रात्री खोकायला. हृदय पसरून पातळ झालं होतं. या जातीत पुष्कळांना होतं. गोळ्यांनी चार महिने दिले. मागचे पाय उचलायला आम्ही त्याच्या पोटाखालून जुनं लुगडं घालायचो आणि नवरा आणि मी दोन बाजूंनी धरून त्याला परसात न्यायचो.

पाखऱ्या गेला तेव्हा शेवटचे दोन दिवस तो वस्तीवर नव्हता. बांधाच्या टोकाला बाभळीखाली जाऊन पडला होता. मी रडत होते, त्याला घरात आणा म्हणत होते. मामानं ऐकलं नाही. दिवसातून दोनदा पाण्याचं डेचकं दहा हात लांब ठेवून तो मागे फिरायचा. तेव्हा मला मामा निर्दयी वाटला होता.

ढग्याच्या शेवटच्या दुपारी मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले. तो सतरंजीवरून सरपटत माझ्यापर्यंत आला, डोकं आणि एक खांदा माझ्या मांडीवर टाकला आणि सगळा भार सोडून दिला. मुलीनं उशी आणली, मी नको म्हटलं. साडेचारला त्याचा श्वास थांबला. माझा पाय कमरेपर्यंत बधिर झाला होता. नवरा घरी येईपर्यंत मी तो हलवला नाही.