बाबांची सही

थोडं मोठं लिहितेय. सवडीने वाचा.

माझे बाबा नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये इन्स्पेक्शनला होते. रशियन मिग-२१ आपल्याकडे बनवायला १९६४ साली सुरू झालेला कारखाना. आम्हा मुलांना बाबा म्हणजे सकाळची कंपनीची बस, एवढंच माहीत. कामाचं घरी बोलायचं नाही, हा नियम.

२०२५च्या उन्हाळ्यात ते इकडे आले होते. ओटावाच्या विमान संग्रहालयाच्या संग्रहात मिग-२१ आहे, म्हणून मुद्दाम गेलो. बाबा एकदम खुलले. लेकाला सांगत होते, "शत्रूचं रडार आपल्यावर रोखलं की पायलटला लगेच कळायला हवं. म्हणून पुढे मिगमध्ये 'तरंग' बसवलं. रडारची लहर पकडून इशारा देणारं, आपल्याच लोकांनी तयार केलेलं."

तेवढ्यात बारा वर्षांच्या लेकाने फोनमधून डोकं वर काढलं. "आजोबा, इथे तर याला उडती शवपेटी म्हटलंय. तुम्ही हे बनवायचात?"

मी ओरडणारच होते. बाबा म्हणाले, "थांब गं. बरोबर विचारतोय तो."

मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. २०१२ साली संसदेत दिलेला आकडा: चाळीस वर्षांत मिग विमानांचे ४८२ अपघात, १७१ पायलट गेले. मिगचा उतरतानाचा वेग फार, आणि शिकायला हॉकसारखं प्रगत विमान मिळालं ते २००८ मध्ये. तोवर नवी पोरं मिगवरच हात बसवायची.

"अपघाताची बातमी आली की कंपनीत जाऊन आधी विमानाचा नंबर विचारायचो," बाबा म्हणाले. "माझ्या सहीचं होतं का, ते बघायला."

मी सीए. वीस वर्षं ऑडिट रिपोर्टवर सह्या करतेय. माझी सही चुकली तर पैसे बुडतात, नोटीस येते. बाबांच्या सहीवर कोणाचा तरी मुलगा आकाशात जायचा. आणि मी त्यांना कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

२६ सप्टेंबरला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. इथे मध्यरात्र उलटून गेलेली, दुसऱ्या दिवशी शाळा. तरी लेक जागा राहिला, नाशिकला व्हिडिओ कॉल लावून.

"आजोबा, तुमच्या सहीची किती विमानं नीट परत आली?"

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ती कोणी मोजत नाही रे."

मंडळी, आपली मुलं मराठीत अडखळतात, नको ते विचारतात. विचारू द्या. तुमच्या आईबाबांनी घरी कधीच न सांगितलेलं काम कोणतं होतं? कमेंटमध्ये नक्की लिहा.