काठी कुठल्या हातात?

पहाटे कोथरूडच्या गल्ल्यांतून फिरलं की फुलं तोडणाऱ्या आज्या भेटतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि टोक वाकवलेली तार. दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद, तगर, कण्हेर. बंगल्यातले लोक उठायच्या आत काम उरकायचं. टाचा उचलून फांदी खाली ओढायची, वाकून पारिजातकाचा सडा वेचायचा, आतून कुत्रं भुंकलं की पाय उचलायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी जे सांगितलं, त्यात आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं बेताची दमवणारी हालचाल आहे, आणि शिवाय निदान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम. या आज्या ते सातही दिवस करतात. ज्यांची फुलं जातात त्यांचं मत अर्थात वेगळं आहे.

*

आईला ‘चालायला जा’ म्हटलं की ती म्हणते, “घरात दिवसभर चालतेच की मी.” ‘दही संपलंय’ म्हटलं की पिशवी घेऊन निघते. वाटेत दोघी-तिघी भेटतात, कोथिंबीर महाग झाल्याचं कळतं, पाऊण तासाने घरी येते. दही फ्रीजमध्ये होतंच.

*

काठीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दहातले सात-आठ जण ती चुकीच्या हातात धरलेले दिसतात. उजवा गुडघा दुखतोय म्हणून काठी उजव्या हातात. सरळ विचार केला तर तेच बरोबर वाटतं, पण ती हवी डाव्या हातात. चालताना उजव्या पायाबरोबर आपला डावा हात पुढे जातो. काठीही त्याच लयीत दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे, म्हणजे त्या पायावर भार येतो त्याच क्षणी थोडा भार काठी घेते. त्याच बाजूला धरली तर माणूस उलट दुखऱ्या पायावरच कलतो.

उंचीचंही तसंच. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. आजोबांची काठी नातवाने जपून ठेवली आणि पुढे वडिलांना दिली, हे ऐकायला छान आहे, पण आजोबा सहा फुटी होते.

आणि टोकाचं रबर. ते झिजून गुळगुळीत होतं आणि कोणी बघत नाही. ओल्या फरशीवर अशी काठी आधार देत नाही, आधी तीच घसरते. सर्जिकलच्या दुकानात नवं रबर चहा-वड्याच्या पैशांत मिळतं. गाडीच्या टायरची नक्षी तपासणारे लोक आईच्या काठीकडे ढुंकून बघत नाहीत.

*

शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. तिथे एका काकांना मी विचारलं, किती फेऱ्या? “एकच. पण बसत-बसत.” कट्टा असल्याचा हा फायदा.

*

अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. सत्तर ते एकोणनव्वद वयाची सोळाशेवर माणसं, सगळी बैठ्या सवयीची, पण चारशे मीटर चालू शकणारी. निम्म्यांना चालण्याचा नियमित कार्यक्रम दिला, जोडीला थोडे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोडं जास्त लक्ष ठेवलं. व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी शंभरात पस्तिसेक जणांना या काळात कधी ना कधी चारशे मीटर चालणं अशक्य झालं. चालणाऱ्यांत हे प्रमाण तिसाच्या आसपास.

फरक डोळे दिपवणारा नाही. म्हणूनच मला तो खरा वाटतो. आणि मोजलं काय, तर चारशे मीटर. आयुष्य किती वाढलं, वजन किती घटलं, हे नाही. चारशे मीटर म्हणजे घरापासून भाजीवाला, बँक, देऊळ. तेवढं अंतर पायाखाली आहे तोवर माणूस आपल्या मर्जीने घराबाहेर पडतो. ते गेलं की “कुणी नेईल तेव्हा”.

पुण्यात ही चाचणी घेतली असती तर व्याख्यानांच्या गटात जागा शिल्लक राहिली नसती.

*

पुतण्याने बाबांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं. दहा हजार झाली नाहीत की बाबांना अपराधी वाटतं. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो आला. पुढे २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वयाच्या सोळा हजारांवर अमेरिकी बायकांच्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक पडताना दिसला नाही. बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग घड्याळ परत करू?”

*

स्वीडनमधल्या संशोधकांचं एक निरीक्षण, १९९७ मधलं: वृद्ध माणसाबरोबर चालताना गप्पा सुरू करा, बोलण्यासाठी तो चालायचा थांबला, तर पुढच्या काही महिन्यांत तो पडण्याची शक्यता जास्त. तरुणपणी चालणं आपोआप होतं. उतारवयात त्याला लक्ष लागतं, आणि बोलण्यालाही लागतं. दोन्हीला पुरेल एवढं उरत नाही. किती साधी आणि बिनखर्चाची तपासणी.

आमच्याकडे मात्र ती चालायची नाही. इथले आजोबा मुद्दा ठासायला थांबतात.

*

जेवल्यावर शतपावली घालावी, हे आजीचं म्हणणं. साठीपुढच्या, साखर वाढायच्या बेतात असलेल्या माणसांवर २०१३ मध्ये एक छोटा प्रयोग झाला, जेमतेम दहा जणांवर. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं विरुद्ध एकदम पंचेचाळीस मिनिटं. रात्रीच्या जेवणानंतर चढणाऱ्या साखरेवर जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांनीच नीट लगाम बसला. दहा माणसांवरून फार बोलू नये. पण पंचेचाळीस मिनिटं एका दमात ज्यांना झेपत नाहीत, त्यांना यात वाट आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी असलेली बरी.

*

सिग्नल. पादचाऱ्याचा हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, याचं गणित साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीवर मांडलेलं असतं. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्यांची चाल मोजली, तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ निघाली, बायकांची ०.८. चोवीस मीटर रुंद रस्ता घ्या. गणितातला माणूस वीस सेकंदांत पलीकडे. ०.८ ने चालणाऱ्या माझ्या आत्याला तीस लागतात. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ती आठ मीटर अलीकडे, रस्त्यात उभी, आणि दुचाकीवाले हॉर्नवर हात ठेवून.

मग आत्या त्या बाजूला जाणंच सोडते. घरचे म्हणतात, हल्ली तिला कंटाळा येतो.

*

हीच माणसं वारीत आळंदीहून पंढरपूरला जातात. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तीनेक आठवडे. सत्तरीची बाई डोक्यावर तुळस घेऊन दिवेघाट चढते. श्रद्धा आहेच, ती कमी लेखायचं कारण नाही. पण व्यवस्थाही बघावी: ठरलेले विसावे, ठरलेले मुक्काम, वाटेत चहा-पाणी, पाय चेपून देणारे, चपला शिवून देणारे, फोडांना मलम लावणारे. पुढेमागे शेकडो माणसं त्याच चालीने. आणि वाहनांना दुसरीकडून वळवलेलं असतं! चालणाऱ्याच्या सोयीने रस्ता चालवला, की सत्तरीचे गुडघेही चालतात. पालखी पुढे गेली की तोच रस्ता पुन्हा गाड्यांचा.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ च्या ११ डिसेंबरला महापालिकेने पादचारी दिन पाळला. एक दिवस.

*

आत्या रस्त्यावर पाच मिनिटं चालली की पाय भरून येतात. डी-मार्टमध्ये मात्र ट्रॉली ढकलत तासभर फिरते. घरात सगळ्यांनी तिची चेष्टा केली, खरेदी असली की बरं दुखत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि लगेच कान टवकारले. कण्यातली मज्जातंतूंची वाट अरुंद झाली असेल तर ताठ चालताना पाय जड होतात. पुढे वाकलं की वाट थोडी मोकळी होते. ट्रॉलीवर रेललेली आत्या नेमकं तेच करत होती. पोटरीला रक्तपुरवठा कमी पडत असेल तर नुसतं उभं राहिलं तरी दुखणं थांबतं. कण्याचं असेल तर बहुधा बसावं किंवा वाकावं लागतं. डॉक्टरांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे, चेष्टेची नाही. आता तिच्यासाठी चाकांचा वॉकर आला आहे, पुढे टोपली असलेला. तिची तक्रार एवढीच, की टोपली लहान आहे.

*

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत म्हटलं आहे, वर्दळीच्या पायवाटांवर दर पन्नास मीटरच्या आत बसायला जागा असावी. आपल्याकडे फूटपाथची उंची फार तर पंधरा सेंटिमीटर असावी, असं ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या निकषांत आहे. आमच्या चौकातल्या फूटपाथवर चढायला बाबा विजेचा खांब धरतात.

चौकापासून बँकेपर्यंत टेकायला एकच जागा होती, एका बंद दुकानाची पायरी. तिच्यावर आता लोखंडी खिळे ठोकले आहेत. स्वच्छतागृह नाहीच, त्यामुळे लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणारे कितीतरी जण एक तर गोळी टाळतात नाही तर बाहेर पडणं, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांपासून लपवतात. बाबांनी वॉर्ड ऑफिसला बाकासाठी अर्ज दिला आहे. पोच घ्यायला चालत गेले होते. तिथे जिना आहे.