पोपटी आणि अंगीठी

रायगड जिल्ह्यात थंडी पडते ती पोपटीसाठीच, असे आम्हांला लहानपणी वाटायचे. वालाच्या शेंगा भरल्या की शेतात मडके यायचे. त्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्यानेच बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आम्ही दोघे मावसभाऊ. एक पेणचा, एक रोह्याचा. थंडी म्हणजे त्या आगीभोवतीची बैठक, एवढीच आमची समजूत. समुद्राजवळची हवा फार तापत नाही आणि फार गारठतही नाही, हे भूगोलात पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो अलिगढला.

1999 साली आम्ही तिथल्या विद्यापीठात दाखल झालो. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली सुरू केलेल्या शाळेतून वाढत 1920 साली विद्यापीठ झालेली ही संस्था. आमच्या घरांत तिचे नाव आदराने घेतले जाई. एकाने रोह्याला दिव्याची गाडी धरली, दुसरा पेणला चढला. सामानात पेणचे पोहे, कडवे वाल आणि जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या होत्या. फीसाठी रोह्याच्या घरातली सोन्याची एक पाटली मोडली होती. ही गोष्ट आमच्यासमोर कुणी बोलले नव्हते, पण आम्हांला ठाऊक होती.

शहरातल्या एका बोळात आम्ही खोली भाड्याने घेतली. डिसेंबर उजाडला आणि धुके उतरले. दिवसचे दिवस सूर्य दिसेना. पहाटे पारा तीन-चार अंशांवर यायचा. आमच्या गोधड्या मायेच्या होत्या, पण त्या कोकणातल्या गारव्यापुरत्या. रजाईतला पिंजलेला कापूस हवा अडकवून ठेवतो आणि ती हवाच ऊब धरते. एकावर एक शिवलेल्या कापडात ते बळ नसते. रजाई घ्यायला हवी हे आम्हांला पहिल्याच आठवड्यात कळले होते. तरी घरी पत्रात लिहिले, ‘इथली थंडी मोठी मजेची आहे.’ मोडलेली पाटली आठवली की हात पुढे लिहायचा थांबे.

रमजान त्याच महिन्यात आला. घरमालकीणबाईंना आम्ही खाला म्हणायचो. सहरीला त्या रोज दार ठोठावून उठवायच्या. वजूसाठी टाकीचे पाणी घेतले की बोटे बधिर व्हायची. खालांनी अंगणातला हापसा दाखवला. जमिनीच्या पोटातले पाणी बाराही महिने जवळपास सारखेच असते, त्यामुळे त्या गारठ्यात ते चक्क कोमट लागायचे. आम्ही खूश झालो. थंडी जिंकली, असेच वाटले.

मग एके रात्री कोळशाची अंगीठी आणली. अंगणात पेटवली, धूर संपून निखारे लाल झाले तेव्हा खोलीत घेतली. खिडकी लावली, फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा आमचा हिशेब. पोपटीच्या आगीभोवती वाढलेली पोरे आम्ही, आगीला काय भ्यायचे?

सहरीची थाप ऐकू आली, पण फार लांबून. डोके फुटत होते. उठायचे आहे हे कळत होते, पाय मात्र आपले नव्हते. थाप वाढली, खालांनी मुलाला हाक मारली, त्याने खांदा लावून कडी तोडली. आम्हांला ओढून अंगणात, धुक्यात आणून टाकले. त्या दिवशी ती बोचरी हवा आम्ही आधाशासारखी प्यालो. रमजान नसता, तर इतक्या पहाटे कोण उठवणार होते?

निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्त प्राणवायू सोडून त्यालाच आधी धरते. माणूस झोपेतच जातो. हे आम्ही नंतर वाचले. खालांना पुस्तकाची गरज नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘बेटा, अंगीठी आंगन में अच्छी. और घर पे झूठ क्यों लिखते हो?’’

त्या दुपारी आम्ही खरे पत्र लिहिले. उत्तरात रोह्याहून मनीऑर्डर आली आणि अम्मीच्या दोन ओळी : ‘थंडी वाजते हे सांगायला लाज कसली? पाटली गेली ती तुम्ही जगावे म्हणूनच ना?’ ईदच्या आधी धुनियाकडून दोन रजाया भरून घेतल्या.

आता आमच्याकडची मुले दिल्लीला, अलिगढला शिकायला निघाली की भेटायला येतात. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे दगावल्याच्या बातम्या उत्तरेतून अजूनही दर हिवाळ्यात येतात. आम्ही मुलांना सांगतो, रजाई पहिल्याच आठवड्यात घ्या, निखारे आत नेऊ नका. आणि पैसे कमी पडले तर घरी लिहा. पोरगा थंडीत कुडकुडतो आहे हे ऐकून आई रडेल, पण तिला ते ऐकू द्या.