कोठीच्या किल्ल्या

घरांत सत्ता कोणाची आहे हें ओळखावयाचें असेल, तर कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कनवटीस आहेत तें पाहावें. संगणकाच्या बाबतींतही हाच न्याय लागू पडतो, असें आम्हांस वाटतें.

आमच्या घरीं लहानथोर सातजण मिळून एकच संगणक वापरतात व त्यावर ‘लिनक्स मिंट’ ही मुक्त प्रणाली चालते. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जी चळवळ आरंभिली, तिचा आग्रह असा कीं, आज्ञावली हवी तशी चालवावी, तिचें मूळ वाचावें, तें बदलावें व दुसऱ्यास द्यावें, इतकी मोकळीक वापरणारास असलीच पाहिजे. परंतु मूळ वाचणारे असे कितीसे असणार? बहुतेकांचा संबंध येतो तो कोठीशींच. १९९३ सालीं निघालेल्या ‘डेबियन’नें आज्ञावल्या नीट बांधून एका भांडारांत ठेवण्याची पद्धत घातली, पुढें त्या मागविण्यास ‘ॲप्ट’ हें साधन आलें. डेबियनवरून ‘उबुंटू’ झाली व उबुंटूवरून मिंट. अर्थात् वरच्या घरचा बदल खालच्या घरींही पोंचतो.

२०२० च्या एप्रिलांत निघालेल्या उबुंटूंत ॲप्टकडे ‘क्रोमियम’ मागितलें असतां तें ‘स्नॅप’च्या रूपानें येई. स्नॅपची शिदोरी आपल्याला लागणारें बहुतेक सारें सामान स्वतःबरोबर आणते. त्यामुळें प्रत्येक आवृत्तीसाठीं निराळी बांधणी करण्याचे कष्ट वांचतात, हा तिचा गुण कबूल केलाच पाहिजे. परंतु तिचें दुकान ‘कॅनॉनिकल’ या एकाच कंपनीच्या हातीं आहे, व त्या दुकानामागील आज्ञावली खुली नाहीं. एका कोठींत मागावें आणि वस्तु दुसरीकडून यावी, हें मिंटच्या चालकांस रुचलें नाहीं. त्यांनीं त्याच वर्षीं जूनमध्यें विसाव्या आवृत्तींत स्नॅपला दार बंद केलें.

यावर आमच्या पुतण्यानें मार्मिक प्रश्न केला: “काका, हें दारही त्यांनीं आपल्याला न विचारतांच लावलें ना? मग दोघांत फरक तो काय?”

फरक आहे. मिंटची ही बंदी एका लहानशा फाईलींत आहे. बंदीचें कारण त्या फाईलींतच लिहिलें आहे व ती कशी उठवावी हेंही मिंटच्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. कडी घातली खरी, पण ती आंतून.

“पण ती काढायला परवलीचा शब्द लागतो, आणि तो तुमच्याजवळ!” पुतण्या म्हणाला.

यावर आम्हांस बोलण्यास जागा राहिली नाहीं. कंपनीपाशीं जें मागावयाचें, तें घरांतल्या सज्ञान मुलास नाकारणें शोभत नाहीं. परवलीचा शब्द आम्हीं त्याच्या स्वाधीन केला. अट एकच घातली: संगणकांत जें घालशील वा काढशील, तें कारणासह संगणकाजवळच्या वहींत लिहावें, म्हणजे बाकीच्या सहाजणांसही तें वाचतां येईल.