ज्वारीच्या जागेत

गंगाखेडकडच्या आमच्या वाड्यात माजघराखाली एक बळद आहे. आजोबांनी ते खणायला घेतलं तेव्हा परभणीवर निजामाचं राज्य होतं. तीन बाजूंना दगड चढले, आणि रझाकारांच्या धामधुमीत गवंडी गाव सोडून गेले. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, पण राहिलेली चौथी बाजू बांधायला कुणी घेतली नाही. ती तासलेल्या पांढऱ्या मातीचीच राहिली, तळही मुरमाचा. अशा अर्ध्या बळदात आमच्या घरानं वर्षानुवर्षं ज्वारी राखली.

राखली म्हणजे खरोखर राखली. तळाला भुसा, कडेनं कडब्याच्या पेंढ्या, मधूनमधून कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि तोंडावर फरशी ठेवून सांधे शेणामातीनं लिंपलेले. हवा आत जाऊ नये, यासाठी सगळी मेहनत. धान्य श्वास घेतं, कोंडलेल्या जागेतला प्राणवायू संपवतं, आणि मग किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाशी बसून राहतो. पेवात, बळदात उतरलेली माणसं वर आलीच नाहीत, अशा हकिकती मराठवाड्यात गावोगाव ऐकायला मिळतात. म्हणून आमच्याकडं तोंड उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे, मग दोरीनं कंदील सोडायचे. कंदील विझला, तर कुणी उतरायचं नाही. आम्ही पोरं काठावर पालथं पडून खाली बघायचो. उबट, गोडसर वास यायचा. आई दंड धरून ओढायची, "बळदापाशी जायचं नाही म्हणून किती सांगू?"

पुढं ज्वारीच बदलली. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं, खरिपात भरघोस पिकू लागलं. पण दाणा भरताना पाऊस गाठायचा, कणसं काळी पडायची. तो दाणा साठवण्याजोगा नव्हता. 18 मे 1972 ला परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं, तिथून रब्बीसाठी 'परभणी मोती'सारखं टपोऱ्या, चमकदार दाण्याचं वाण निघालं. त्या दाण्याची भाकरी मला आजही सगळ्यात गोड लागते. मात्र आमच्या शिवारात कापूस होताच, सोयाबीनही आलं, आणि ते थेट मोंढ्यात जातं. बळदात मग मोडकी तिफण, फाटकी मोट, गळके हंडे जमत गेले.

नात सुटीला येते ती वैशाखात. पारा 43 च्या पुढं, अंगणात पाय ठेववत नाही, आणि पाच वर्षांचं लेकरू दिवसभर मोबाइल घेऊन कूलरपुढं बसलेलं. ते मला बघवेना. घरातली सगळ्यात गार जागा पायाखालीच होती.

धान्यासाठी केलेली जागा मुलासाठी करायची म्हणजे सगळंच उलटं करायचं. जिथून हवा रोखली होती तिथून ती आणायची. इथं आजोबांचं अपुरं काम उपयोगी पडलं. मातीची बाजू परसाकडं होती, तिकडं जमीन उतरती; तिथं दार काढता आलं, चार पायऱ्यांत मूल स्वतःच्या पायानं आत जाईल असं. तिथंही दगड असता तर दाराचा विचारसुद्धा केला नसता. समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोका पाडला, तळाची जड हवा खेचायला जमिनीलगत पाइप टाकून त्याला छोटा पंखा लावला. छताला, माळवदाला असतं तसं साणं ठेवून वर जाड काच बसवली. मुरमावर शहाबादी फरशी. दगडांच्या फटी मात्र एकेक करून मी स्वतः तपासल्या. विंचू-सापाला बोटभर जागा पुरते.

गवंडी सिमेंटच्या गिलाव्यासाठी अडून बसला होता. मी ऐकलं नाही. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल भिंतीत येणारच. सिमेंटखाली ती कोंडते, चुन्यातून सुकून जाते. दगडांना चुना दिला. दाराशेजारी उरलेली मातीची भिंत तशीच ठेवली. तिच्यावर पोरं गेरूनं चित्रं काढतात, आणि ओल्या हातानं पोतेरं फिरवलं की पुन्हा कोरी.

खेळणी काय ठेवायची, याचा विचार करताना ताराबाई मोडक आठवल्या. 1945 मध्ये बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू करताना त्यांनी महागड्या साधनांऐवजी मुलांच्या भोवतालच्या बिया, खडे, पानंच हाताशी घेतली. मुलाच्या खेळाला इतक्या गांभीर्यानं घेणारी माणसं आपल्याकडं होऊन गेली, याचं मला फार मोल वाटतं. बळदात आता चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, परभणीच्या उरुसातल्या भिंगऱ्या आहेत. शेजारची पोरंही येतात. मोबाइल कुणी हिसकावला नाही. तो वर राहतो एवढंच.

एक गोष्ट मिळाली नाही. आम्ही ज्वारीच्या धाटाचं टणक साल काढून त्याच्या काड्या करायचो, आतल्या मऊ गाभ्याची चाकं, आणि बैलगाडी जुंपायचो. नातीला ती दाखवायला गावभर फिरलो, तर दोन गोठ्यांतच कडबा निघाला, तोही यंत्रातून बारीक झालेला. मुलाला सांगून ठेवलंय, यंदा रब्बीत विहिरीलगतच्या तुकड्यात ज्वारी पेरायची. तो म्हणाला, "आबा, एवढ्याशा रानात किती होणार?"

भाकरीपुरती झाली तरी चालेल. धाटं सगळी खाली द्यायची आहेत.